दाटलेली मुळे आणि कुंडी बदलण्याची वेळ : आपले अनुभव लिहा

घरातील काही झाडे कुंडी मुळांनी गच्च भरली तरी वर्षानुवर्षे निवांत वाढतात आणि काही झाडे त्याच अवस्थेत माना टाकू लागतात, त्यामुळे ‘दर वर्षी कुंडी बदला’ हा सरसकट सल्ला फारसा कामाचा ठरत नाही. आपल्याकडील कोणते झाड दाटीत तग धरून आहे आणि त्याची कुंडी बदलायची हे आपण कोणत्या खुणेवरून ठरवता, ते कृपया झाडाच्या नावासह लिहावे.

* * *

माझ्याकडे स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट आहेत. दोघांचीही जमिनीखालची खोडे जाड असून त्यांत पाणी साठते, म्हणून थोड्याशा मातीवर त्यांचे सहज भागते. कुंडी लहान पडल्याचे पाने सांगत नाहीत, कुंडीच सांगते. प्लॅस्टिकच्या कडा फुगतात आणि दुर्लक्ष केल्यास तडकतात. कडा फुगली की मी व्यासाने जेमतेम तीन-चार सेंटिमीटर मोठी कुंडी घेते. एकदम ऐसपैस कुंडी दिली, तर मुळे न पोहोचलेली माती ओलीच राहते, तिच्यात हवा खेळत नाही आणि मुळे कुजण्याची भीती असते.

* * *

मुळे तळाच्या छिद्रातून डोकावली म्हणजे कुंडी बदलायलाच हवी, असे मी मानत नाही; मी पाण्याकडे पाहतो. पीस लिलीला घातलेले पाणी न मुरता थेट खालून वाहू लागले आणि भरपूर पाणी देऊनही दुसऱ्याच दिवशी पाने लोळू लागली, तर कुंडीत मातीपेक्षा मुळे जास्त झाली आहेत असे समजावे. अर्थात फार कोरडे झालेले कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेच पाणी सोडून देते, म्हणून आधी कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावी आणि मगच निष्कर्ष काढावा. स्पायडर प्लांटची मांसल मुळे तर मातीला खालून वर ढकलतात आणि पाणी घालायला काठाशी जागाच उरत नाही. तरीही लोंबणारी पिल्ले त्याला दाटीतच अधिक येतात, त्यामुळे मी घाई करत नाही.

* * *

फुलांसाठी दाटी हवी असेल, तर क्लिव्हिया आणि अमॅरिलिस ही उत्तम उदाहरणे आहेत. अमॅरिलिसचा कंद आणि कुंडीची कड यांत तीनेक सेंटिमीटर अंतर पुरते आणि कंदाचा वरचा भाग मातीबाहेरच ठेवायचा असतो. क्लिव्हियाची जाड मुळे हाताळताना मोडतात व नंतर फुलणे लांबते, म्हणून मी ती कुंडीतून न काढता फक्त वरची दोन-तीन सेंटिमीटर माती खरवडून तेथे नवी माती व गांडूळखत भरते.

* * *

होया या वेलीलाही फुलांसाठी अशीच दाटी हवी असते. शिवाय फुले गळल्यावर उरणारा देठ कापू नये, कारण पुढची फुले त्याच देठावर येतात.

* * *

वरील मतांना थोडी पुरवणी जोडतो. दाटी सहन होते म्हणून जुनी मातीही सहन होते, असे नाही. आफ्रिकन व्हायोलेटला पानांच्या घेराच्या सुमारे एक तृतीयांश व्यासाची कुंडी पुरते, पण माती घट्ट होते, खतांचे क्षार साचून पांढरा थर दिसू लागतो आणि खालची पाने झडून खोडाची उघडी मान वर येते. अशा वेळी मी त्याच मापाच्या कुंडीत नवी माती भरून ती मान मातीत पुरतो. मोठ्या फायकसचेही असेच करतो: वाढीचा हंगाम सुरू होताना मुळांच्या गोळ्याचा बाहेरचा थर धारदार सुरीने कापायचा, एक तृतीयांशाहून अधिक मुळे काढायची नाहीत आणि झाड ताज्या मातीसह जुन्याच कुंडीत परत बसवायचे. नवी पालवी फुटेपर्यंत ते कडक उन्हापासून दूर ठेवतो आणि खत देत नाही.