पोळी बंद, डोकं सुरू

ग्रुप : आपली सोसायटी, जुळे सोलापूर

बी-३०२ वहिनी, रात्री ९.०५
मंडळी, जरा विचारायचं होतं. हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून दोन वर्षं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी रक्त तपासलं, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून पाहिला, तेव्हा सिलियाक निघालं, गव्हाने आतडं बिघडण्याचा आजार. म्हणजे गहू जन्मभर बंद. मैदा, रवा, शेवया, सातूसुद्धा. आज चौथा दिवस. डोकं असं ठणकतंय की दुपारी पडदे ओढून झोपले. पोरांवर उगाच खेकसले. पोट तीन दिवस साफ नाही. काल रात्री तर पोरांच्या पावाच्या पुडीचा नुसता वास घेतला. हसू नका. असं कुणाला झालंय का?

ए-१०४ आजी
हसत नाही गं. पण सोलापुरात राहून गव्हावाचून अडावं? आमच्या लहानपणी पोळी सणालाच दिसायची. भाकरी खा की.

बी-४०१ काका
*फॉरवर्ड केलेला मेसेज :* गव्हात अफूसारखं द्रव्य असतं! सोडताना दारू सोडल्यासारखा त्रास होतो! विष बाहेर पडतंय, पडू द्या! पंधरा दिवस फक्त काढा प्या!

सी-२०३ ताई (मेडिकलवाल्या)
काका, यातलं थोडं खरं आहे. ग्लूटेन, म्हणजे गहू-जवातलं प्रथिन, पचताना अफूच्या जातीचे प्रथिनांचे तुकडे तयार होतात, हे १९७९ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत दाखवलं होतं. पण डोकं त्यामुळेच दुखतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि आधीच रक्त कमी असलेल्या बाईला पंधरा दिवस नुसता काढा? नको.
वहिनी, चार दिवसांत काय काय खाल्लं ते लिहा. चहा किती कप, तेही लिहा.

बी-३०२ वहिनी
दोन्ही वेळेला वरणभात. सकाळी साबुदाणा, नाहीतर भगर. रोज एकादशीच म्हणा. चहा सोडलाय. खारी-टोस्टशिवाय तो घशाखाली उतरतच नाही.

सी-२०३ ताई
आधी किती व्हायचा?

बी-३०२ वहिनी
पाच कप. शाळेत दोन, घरी तीन.

सी-२०३ ताई
मग डोकं गव्हापेक्षा चहासाठीच दुखत असणार! कॅफीन एकदम थांबवलं की पहिल्या दिवसाच्या आतबाहेर डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी कळस होतो, आणि आठवडाभर ते रेंगाळू शकतं. सुस्ती, चिडचिडही त्यातच आली. आता एक कप घ्या आणि रोज हळूहळू कमी करा. सोडायचाच असेल तर. नसेल तर पीत राहा, चहात ग्लूटेन नाही.
पोटाचं कारण तुमच्याच यादीत आहे. १०० ग्रॅम कणकेत साधारण ११ ग्रॅम तंतू असतात, ज्वारीत १०, पांढऱ्या तांदळात ३ सुद्धा नाहीत. साबुदाण्याचं तर बोलायलाच नको. पोळ्या गेल्या आणि त्यांच्या जागी तंतूवालं काहीच आलं नाही. भूक मारून राहिलात तर चिडचिड अजून वाढेल. भाकरी, पालेभाजी, पेरू खा, पाणी भरपूर प्या. उलट्या झाल्या किंवा पाणीही पोटात टिकेना, तर मात्र ग्रुपवर विचारत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

सेक्रेटरी
सूचना : नळाला पाणी उद्या नाही, परवा येईल. टाकी अर्ध्यावर आहे, गाड्या धुऊ नयेत.

बी-३०२ वहिनी
भरपूर पाणी पिणार होते, तेवढ्यात हे!
ताई, भाकरी मला आवडते हो. पण डॉक्टर म्हणाले गिरणीतलं पीठ नको, आधीच्या गव्हाचं मिसळतं. म्हणून भाकरीच बंद केली.

गिरणीवाले अण्णा (डी-००२)
खरं बोलले डॉक्टर. वहिनी, मी कितीही झाडलं तरी दगडाच्या खाचेत गव्हाचं पीठ राहतंच. खोटं बोलून पाप घेत नाही. सकाळी पहिला घाणा ज्वारीचा काढला तरी आत रात्रीचा गहू असतोच.

ए-२०२ काकू
आमच्या घरघंटीवर दळून घे ना. ह्यांना शुगर निघाल्यापासून आम्ही ज्वारीच दळतो, मंगळवेढ्याची मालदांडी. दोन वर्षांत गव्हाचा दाणा नाही घातला.
थांब. दिवाळीआधी थालीपिठाची भाजणी दळली होती. तिच्यात गहू होते.

सी-२०३ ताई
बरं झालं काकू, आठवलं. दगडी गिरणीपेक्षा तुमची सोय बरी, ती उघडता तरी येते. ब्रशने आतून स्वच्छ करा, जाळी नवी आणा, पहिलं किलोभर पीठ वहिनींना देऊ नका. यापुढे भाजणी मात्र अण्णांकडे.

ए-२०२ काकू
पहिलं किलो ह्यांना. जाळी उद्या नव्या पेठेतून आणते.

ए-१०४ आजी
पोरी, पीठ ताजं घे. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना फाटते आणि मग तू म्हणशील जमत नाही. आधणाचं पाणी ओतून मळ. आणि वरणात हिंग घालतेस का?

बी-३०२ वहिनी
घालते. डबीतला.

सी-२०३ ताई
आजी, शंभर टक्के! वहिनी, डबी उलटून वाचा. बांधणीच्या, म्हणजे पीठ मिसळून केलेल्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. पोरांच्या दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीही तपासा, माल्ट म्हणजे बहुतेक वेळा जवच. त्या चुकून चाखू नका.

बी-३०२ वहिनी
वाचलं. 'गव्हाचे पीठ' असं बारीक अक्षरात लिहिलंय. चार दिवस उगाच तपश्चर्या केली.

डी-१०१ भाऊ
मीपण सोमवारपासून गहू बंद करतोय. पोट सारखं फुगतं. वहिनींसारखंच असणार.

सी-२०३ ताई
भाऊ, आधी तपासणी, मग बंद. टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी गहू खात असतानाच बरोबर येते. आधीच सोडलात तर आजार असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. वहिनी, तुमच्या दोन्ही पोरांचीही करून घ्या. आई-वडील किंवा भावंडांना असेल तर साधारण दहात एकाला निघतो.

डी-१०१ भाऊ
मग सोमवारी पोळी खाऊन लॅबला जातो.

बी-३०२ वहिनी, रात्री १०.२०
अर्धा कप घेतला, आलं घालून. अजून ठणकतंय, पण कमी. चहात बुडवायला काही नाही, एवढंच दुःख.

ए-१०४ आजी
काकूच्या पिठाची कडक भाकरी करून देते. चहात मोडून खा. आम्हाला टोस्ट कुठं माहीत होता?

ए-२०२ काकू
आजी, आम्हालापण दोन.