प्रतिसाद: वॉर्ड सोडून ट्यूटर व्हावं का?

ताई, तुम्ही विचारलंय की वॉर्डमधली 8 वर्षं सोडून नर्सिंग कॉलेजला ट्यूटर म्हणून जावं का, आणि वर कुणीतरी लिहिलंय की ते आरामाचं काम आहे. अजिबात नाही हो! वॉर्डात तुमचे हात काम करतात, ट्यूटर झाल्यावर विद्यार्थिनीचे हात चालतात आणि जीव आपला वरखाली होत असतो, कारण पहिल्यांदा कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) लावणारी मुलगी थरथरत असते, पेशंटचे नातेवाईक बघत असतात आणि तुम्हाला ना ओरडता येतं ना सुई हातातून काढून घेता येते.

मी ट्यूटर म्हणून सगळ्यात जास्त वेळ ड्रिपच्या हिशोबावर घालवते. 500 मिली सलाईन 4 तासांत, 20 थेंबांचा सेट (म्हणजे 1 मिलीला 20 थेंब), तर 500 गुणिले 20 भागिले 240 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. फळ्यावर सगळ्यांना येतं, पण बेडजवळ घड्याळ धरून थेंब मोजायला लावलं की गोंधळ. आणि पोटॅशियम क्लोराईड कधीही थेट शिरेत पुश करायचं नाही, हे तर मी रोज म्हणवून घेते, मुली कंटाळल्या तरी.

इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या नियमात 10 विद्यार्थ्यांमागे 1 शिक्षक आहे, तर तुमच्या कॉलेजात प्रत्यक्षात क्लिनिकलला (वॉर्डमधल्या सरावाला) एका ट्यूटरकडे किती मुली देतात ते आधी विचारा, पगाराच्याही आधी. मुलींची जर्नल (प्रात्यक्षिकाच्या वह्या) तपासणं घरी येतंच, ते धरून चाला. पुढे एमएस्सी करायचंय का, तेही कळवा.