मदत हवी आहे: जुने अ‍ॅनालॉग कॅमेरे घरच्या नेटवर्कला कसे जोडायचे? (गावचं घर, दापोली तालुका)

नमस्कार मंडळी,

घर आंजर्ल्याच्या बाजूला, समुद्र हाकेच्या अंतरावर. घरी आई आणि काका असतात, मी डोंबिवलीत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमचं निम्मं आगर आडवं झालं. नवी रोपं लावली तेव्हा डुकरं, वांदर आणि मोकाट गुरं यांच्यावर नजर ठेवायला चार कॅमेरे बसवून घेतले. चोरांची भीती आमच्याकडे फारशी नाही, पण पोफळीचं रोप एका रात्रीत उकरून टाकलेलं सकाळी बघायला फार वाईट वाटतं.

कॅमेरे साधे अ‍ॅनालॉग आहेत, २ मेगापिक्सेलचे. थ्री प्लस वन केबल (चित्राची एक तार, पॉवरच्या तीन), टोकाला फिरवून बसवायचं बीएनसी कनेक्टर, आणि सगळं जाऊन माजघरातल्या डीव्हीआरमध्ये (चित्रं साठवणारा डबा). त्याला जुना मॉनिटर. म्हणजे रात्री आगरात खुडबुड झाली की आईने उठून माजघरात जायचं, मॉनिटर लावायचा, तोवर डुक्कर खाडीपार.

या शिमग्यात गावात फायबर आलं. राऊटर ओटीवर बसवलाय. मला वाटलं, आता काय, वायर जोडली की डोंबिवलीत बसून आगर बघू.

मी केलेला पराक्रम आधी सांगतो. लॅमिंग्टन रोडवरून एका बाजूला बीएनसी आणि दुसऱ्या बाजूला लॅनचं सॉकेट असलेली डबी आणली. एका कॅमेऱ्याची केबल डीव्हीआरमधून काढून त्या डबीत घातली, डबीतून लॅनची वायर राऊटरमध्ये. राऊटरचा दिवासुद्धा लागला नाही.

मग डीव्हीआरच्या मागे स्वतःचाच लॅन पोर्ट दिसला. (पाच वर्षं तिथेच होता!) ओटी ते माजघर २० मीटर वायर टाकली, कारण मधल्या जांभ्याच्या भिंतीतून वायफाय जात नाही. आता दिवा लागतो, पण राऊटरच्या यादीत डीव्हीआर येत नाही आणि फोनच्या अ‍ॅपमध्ये 'ऑफलाईन' दिसतं. मी परत इकडे आलोय, त्यामुळे जे करायचं ते आईला व्हिडिओ कॉलवर सांगून.

अजून एक. विहिरीपलीकडचा ३ नंबरचा कॅमेरा दिवसभर झकास चालतो, अंधार पडला की चित्र थरथरतं आणि 'व्हिडिओ लॉस'. बसवणारा म्हणतो कॅमेरा गेला, नवा घ्या. घेऊ का? आणि लाईट जाऊन आली की डीव्हीआर १ जानेवारी २००० दाखवतो, ते कशाने?

खाडीपलीकडचा

दादा, तुम्ही आणलेल्या डबीला बॅलन म्हणतात. ती फक्त कॅमेऱ्याचं चित्र लॅनच्या तारेच्या एका जोडीतून पुढे नेते, आणि दुसऱ्या टोकाला तसाच बॅलन लावून परत बीएनसी करून डीव्हीआरमध्येच घालायचं असतं. सॉकेट लॅनसारखं म्हणून फसायला होतं. अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळखीचा आकडा) नसतोच, राऊटर त्याला ओळखणार कसा? नेटवर्कवर येतो तो डीव्हीआर. चार कॅमेरे असोत की सोळा, पत्ता एकच.

डीव्हीआरच्या नेटवर्क पानावर काय लिहिलंय तेवढं टाका. आणि राऊटरचं पान कुठल्या पत्त्यावर उघडतं तेही.

धागाकर्ता

आईने आत्ता मॉनिटरसमोर फोन धरून वाचून दाखवलं. डीव्हीआर: १९२.१६८.१.१०८, गेटवे १९२.१६८.१.१, डीएनएसची जागा रिकामी, डीएचसीपीवर टिक नाही. राऊटर: १९२.१६८.२९.१.

खाडीपलीकडचा

सापडलं. पत्त्यातला तिसरा आकडा बघा, डीव्हीआर '१' च्या वाडीत राहतो आणि राऊटर '२९' च्या. वायर जोडलेली आहे, दिवाही लागतो, पण दोघांचं बोलणं नाही. डीव्हीआरवर डीएचसीपीला टिक करा, सेव्ह करा, एकदा बंद-चालू करा. राऊटर स्वतःहून २९ मधला पत्ता देईल. मग राऊटरमध्ये जाऊन तोच पत्ता डीव्हीआरसाठी राखून ठेवा, नाहीतर लाईट गेल्यावर बदलू शकतो. डीएनएस रिकामं असेल तर तिथे ८.८.८.८ घाला. ते नसलं की डीव्हीआरला कंपनीचा सर्व्हर सापडत नाही आणि अ‍ॅप ऑफलाईनच दाखवतं.

२००० सालाचं कारण आतली छोटी बटण बॅटरी. बहुतेक डीव्हीआरमध्ये सीआर२०३२ असते, ती संपली असणार. नेटवर आल्यावर एनटीपी चालू करा, वेळ +५:३० ठेवा, घड्याळ आपोआप लागेल. बॅटरी सवडीने बदला.

घाटावरचा

मी पोर्ट फॉरवर्डिंग करतो. राऊटरमध्ये डीव्हीआरचे पोर्ट (बाहेरून आत यायची दारं) उघडायचे, बाहेरून थेट बघायचं. कंपनीच्या सर्व्हरची मध्यस्थी कशाला?

खाडीपलीकडचा

कृपा करून नको. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने असेच उघडे ठेवलेले डीव्हीआर आणि कॅमेरे हजारोंनी ताब्यात घेतले होते, तेही कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून. २१ ऑक्टोबर २०१६ ला ट्विटरसारख्या साईट अनेकांना उघडत नव्हत्या, त्या हल्ल्यात हीच यंत्रं होती.

शिवाय गावाकडच्या जोडणीवर पोर्ट उघडून बरेचदा काही होतच नाही. राऊटरच्या पानावर 'वॅन आयपी' (राऊटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यामधला असेल तर तुमच्यासारख्या अनेक घरांना मिळून बाहेर एकच पत्ता आहे, बाहेरून आलेली हाक तुमच्या घरापर्यंत पोचतच नाही. अ‍ॅपमध्ये डीव्हीआरचा क्यूआर कोड स्कॅन करून पीटूपीने बघा, ते आतून बाहेर जोडणी करतं म्हणून चालतं. पासवर्ड मात्र आजच बदला. राऊटरमधलं यूपीएनपीही बंद करा, ते आपोआप पोर्ट उघडतं.

घरच्या कॉम्प्युटरवर बघायचं असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ओपन नेटवर्क स्ट्रीम', आरटीएसपी (चित्र नेटवर्कवरून आणायची पद्धत), पोर्ट ५५४. पुढचा पत्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तुमच्या डीव्हीआरच्या माहितीपुस्तिकेत मिळेल. फोनवर सबस्ट्रीमच (कमी दर्जाचं, हलकं चित्र) ठेवा. चारही कॅमेरे मेन स्ट्रीमला (पूर्ण दर्जाचं चित्र) २ एमबीपीएसने लावलेत तर अपलोड ८ एमबीपीएस लागेल.

माडाखाली

३ नंबरच्या कॅमेऱ्याचं कुणी काही बोललं नाही म्हणून लिहितो. हेच काम करतो, गुहागर पट्ट्यात. नवा कॅमेरा घेऊ नका. दिवसा चालतो आणि अंधारात जातो, म्हणजे कॅमेऱ्याला वीज कमी पडते. अंधार झाला की आतले आयआर दिवे (डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे) लागतात आणि विजेची ओढ वाढते. घरापासून विहिरीपलीकडे अंतर किती? आणि १२ व्होल्ट घरातूनच सोडलेत ना?

धागाकर्ता

पावलांनी मोजलं होतं, ६० मीटर धरा. हो, माजघरातल्या एसएमपीएसमधूनच (१२ व्होल्ट देणारा डबा).

माडाखाली

मग हिशोबच बघा. त्या केबलमधली तार दोऱ्यासारखी बारीक. ६० मीटर जाऊन ६० मीटर परत, १२० मीटरचे सहज १० ओहम होतात. आयआर लागल्यावर कॅमेऱ्याने ०.४ अँपियर ओढला की ४ व्होल्ट वाटेतच गेले. १२ चे ८ झाले, कॅमेरा काय करणार?

थ्री प्लस वनमध्ये पॉवरच्या तीन तारा असतात, बसवणारे दोनच जोडतात आणि तिसरी कापून सोडतात. ती मायनसबरोबर जोडून टाका, दोन्ही टोकांना. १० ओहमचे साडेसात होतील. तेवढ्यानेही भागलं नाही तर विहिरीच्या पंपाच्या पेटीत लाईट असेलच, तिथेच १२ व्होल्ट २ अँपियरचा अ‍ॅडाप्टर बसवा आणि घरून फक्त चित्राची केबल ठेवा.

पण त्याआधी कॅमेऱ्याजवळचा जोड सोडून बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत काळ्या टेपखाली हिरवी पूड धरते, पिन बोटाने मोडते. पूड दिसली तर टोक दोन इंच कापून नवा कनेक्टर लावा आणि जोड पीव्हीसीच्या बंद डबीत घाला. वायरला डबीच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून डबीत न जाता झोळावरून ठिबकतं. मी जेवढे 'मेलेले' कॅमेरे बघतो त्यातले निम्मे हे जोडच असतात.

आणि वळवाच्या आधी एक लक्षात ठेवा. आगरातून आलेली तांब्याची केबल डीव्हीआरला, डीव्हीआर आता लॅनने राऊटरला. वीज पडली तर वाट सरळ ओटीपर्यंत. आमच्या गिऱ्हाइकाचा मागल्या मे महिन्यात डीव्हीआर, राऊटर आणि टीव्ही एकाच कडकडाटात गेले. गडगडाट ऐकला की लॅनची वायर आणि प्लग दोन्ही काढायचे, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

धागाकर्ता

मंडळी, डीव्हीआर नेटवर आला!

डीएचसीपीची टिक आईकडून करवून घ्यायला पाऊण तास गेला, कारण माऊसचा बाण तिला मॉनिटरवर सापडेना. "अरे, तो उंदीर तिकडे पळतो, मी इकडे." पण झालं. पत्ता २९ मधला मिळाला, घड्याळ लागलं, क्यूआर स्कॅन केला आणि डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात आमचं खळं दिसलं. पासवर्ड बदलला, जुना १२३४५६ होता. वॅन आयपी १००.८ काहीतरी आहे... नाही, नीट वाचून घेतलं, १००.८१. म्हणजे पोर्टचा विषय मिटला. घाटावरचे, रागावू नका.

३ नंबरसाठी काकांनी गावातल्या वायरमनला बोलावलं. जोड उघडला तर हिरवी पूड होतीच. ती काढून नवा कनेक्टर लावला, तिसरी तारही जोडली. रात्री मीटर लावला तर कॅमेऱ्यापाशी ९.१ व्होल्ट. चित्र आता जात नाही, पण अधूनमधून थरथरतं. अ‍ॅडाप्टर गणपतीला येताना घेऊन येतो. पंपाची पेटी पत्र्याची आहे आणि पावसात आतून घामेजते, तर अ‍ॅडाप्टर आतच ठेवू की वेगळी डबी करू, तेवढं माडाखाली यांनी सांगावं.