प्रतिसाद: फुप्फुसांच्या फायब्रोसिससाठी तज्ज्ञ निवडताना
वडिलांच्या एचआरसीटीत (छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये) फुप्फुसांचे फायब्रोसिस (ऊतींवर व्रण पडून त्या कडक होणे) दिसल्यावर कोणाकडे जावे, या आपल्या प्रश्नावर बहुतेकांनी जवळचे छातीविकारतज्ज्ञ सुचवले आहेत. त्यात गैर काही नाही. मात्र फायब्रोसिस ज्यांत आढळते त्या आयएलडी (इंटरस्टिशियल लंग डिसीज, म्हणजे फुप्फुसांतील वायुकोशांभोवतीच्या ऊतींचे आजार) या नावाखाली दोनशेहून अधिक आजार मोडत असल्याने, ज्यांच्याकडे असे रुग्ण नियमित येतात आणि जे निदान ठरवण्यापूर्वी रेडिऑलॉजिस्ट व संधिवाततज्ज्ञ यांच्याशी एकत्र चर्चा करतात, असेच तज्ज्ञ मी निवडीन. पहिल्याच भेटीत खिडकीतली कबुतरे, पूर्वीचा व्यवसाय आणि चालू औषधे यांची (या गोष्टींमुळेही असा आजार होऊ शकतो) चौकशी झाली नाही, तर (डॉक्टर कितीही नावाजलेले असोत) दुसरे मत घ्यावे. स्पायरोमेट्रीबरोबर (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) डीएलसीओ (फुप्फुसांतून रक्तात वायू किती नीट जातो हे मोजणारी) तपासणीची सोय तेथे आहे का, हे आधी फोनवर विचारावे. सीटीच्या फिल्मसोबत सीडीही न्यावी.