मदत हवी आहे : नव्या शेडमधील मशीनची मांडणी आणि क्रेन

नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे मशीन शॉप आहे. शेजारच्या फाउंड्रीतून बिडाची कास्टिंग घ्यायची आणि मशीनिंग करून पाठवायची, हे आमचे काम. जागा अपुरी पडू लागल्याने १८ मीटर रुंद आणि ४८ मीटर लांब अशी नवी शेड बांधत आहोत. खांबांचे ड्रॉइंग पंधरा दिवसांत कायम करायचे आहे, म्हणून अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

सध्या सर्व सीएनसी (संगणकाने चालणारे) लेथ एका बाजूला, व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मशीनिंग सेंटर) दुसऱ्या बाजूला आणि ड्रिलिंग मागे, अशी मशीनच्या प्रकारानुसार, म्हणजे जातवार मांडणी आहे. गिअरबॉक्स हाउसिंगचा एक नग २८ किलोचा असून त्याचे प्रत्यक्ष मशीनिंग ३८ मिनिटांत होते. तरीही आत आलेले कास्टिंग बाहेर पडायला चार दिवस लागतात, कारण २४ नगांची ट्रॉली पूर्ण भरल्याशिवाय पुढच्या मशीनकडे जात नाही आणि तिथे पोहोचल्यावरही आधीच्या दोन ट्रॉल्यांच्या मागे उभी राहते. गेल्या महिन्यात ट्रॉलीचे चाक बिडाच्या चुऱ्यात अडकून ती कलली आणि फेसिंग (पृष्ठभाग सपाट करण्याचे काम) झालेल्या तीन नगांच्या कडा उडाल्या. कोणाच्या पायावर काही पडले नाही, हे नशीब. पण तेव्हापासून हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

हाउसिंग आणि हब हा दुसरा नग मिळून आमचे बहुतेक काम होते. म्हणून या दोघांसाठी यू आकाराचे दोन स्वतंत्र सेल (एका नगाला लागणाऱ्या सर्व मशीनचा गट) करावेत, मशीन एकमेकांच्या शेजारी आणून त्यांच्यामध्ये रोलर कन्व्हेयर टाकावा आणि नग एकेक करून पुढे सरकवावा, असे माझे मत बनले आहे. सुट्या भागांची किरकोळ कामे मात्र जुन्याच पद्धतीच्या मांडणीवर ठेवावी लागतील. अडचण नग धुण्याचे वॉशिंग मशीन आणि लीक टेस्टिंग (गळती तपासणी) मशीनची आहे. दोन्ही एकेकच आहेत आणि दोन्ही सेलना लागतात. ती डिस्पॅचजवळ सामाईक ठेवली, तर तिथे पुन्हा नगांचा ढीग साचेल का?

दुसरा प्रश्न क्रेनचा. कंत्राटदार ५ टनी ईओटी क्रेन (शेडभर वरच्या रुळांवर चालणारी विजेची क्रेन) सुचवतो. ती घ्यायची असेल तर खांबांवर गँट्रीचे (क्रेनच्या रुळांची तुळई पेलणारे) ब्रॅकेट आताच धरावे लागतील. मला मात्र ती अनावश्यक वाटते, कारण रोज उचलायचा नग २८ किलोचा आहे आणि एकच क्रेन सगळ्या मशीनना पुरणार नाही, ऑपरेटर तिची वाट पाहत बसेल. त्याऐवजी गरजेच्या मशीनपाशी १२५ किलोची जिब क्रेन (एका खांबाभोवती फिरणारा हात) आणि चेन होइस्ट द्यावे, पॅलेटसाठी हँड पॅलेट ट्रक वापरावा, आणि मशीन हलवायचे असेल तेव्हा हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) भाड्याने आणावी, असा विचार आहे. फोर्कलिफ्ट आतमध्ये नको वाटते. ३ टनी गाडीला काटकोनात वळायला सुमारे ४ मीटर वाट लागते आणि १८ मीटरच्या शेडमध्ये तेवढी जागा देणे परवडत नाही. ईओटी घेतली काय किंवा जिब घेतल्या काय, उचल यंत्रांची वेळोवेळी सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्यावीच लागते, त्यामुळे तो खर्च दोन्हीकडे धरला आहे.

ज्यांनी जातवार मांडणी मोडून सेल केले आहेत, त्यांनी एक मशीन बंद पडल्यावर पूर्ण सेल थांबतो ही अडचण कशी सोडवली, हे कृपया सविस्तर लिहावे. आणि क्रेन आता न घेता फक्त ब्रॅकेटची सोय करून ठेवणे शहाणपणाचे ठरेल का, हेही सांगावे. कच्चा नकाशा आणि दोन्ही नगांच्या प्रत्येक ऑपरेशनचा वेळ उद्या संध्याकाळपर्यंत इथे देतो.