शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती: मग तक्रार मागे घ्यावी का?

केतकी (प्रश्न):

सर्वांना सलाम. माझे बालपण नगर जिल्ह्यातल्या एका मिशन कंपाउंडमध्ये गेले. शब्बाथ शाळेत अगदी आरंभी पाठ करून घेतलेल्या वचनांमध्ये ‘तू आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वचन होते, आणि इतक्या लहानपणी तोंडी बसल्यामुळेच बहुधा त्याचा अर्थ कोणाला विचारावा असे कधी वाटले नाही. आता पन्नाशीत ती वेळ आली आहे.

आम्ही पुण्यात एका जुन्या इमारतीत राहतो. वरच्या घरातील न्हाणीघरातून गेली चार वर्षे आमच्या स्वयंपाकघरात पाणी झिरपते आहे. वरचे कुटुंब दुरुस्तीला हात लावू देत नाही. गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत त्या गृहस्थांनी माझ्या वृद्ध सासूबाईंचा सर्वांसमोर अपमान केला, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे बंद आहे. आम्ही लेखी तक्रार दिली असून पुढच्या आठवड्यात कमिटी त्यांना नोटीस देणार आहे. मध्यंतरी त्या गृहस्थांना अर्धांगवायूचा झटका आला. मुलगा परदेशात आहे, आणि बाई एकट्याच सर्व करतात. जिन्यात त्या भेटतात तेव्हा आम्ही दोघीही खाली पाहतो.

गेल्या रविवारी पाळकांनी लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायावर, म्हणजे शमरोन्याच्या दाखल्यावर, संदेश दिला (लुटारूंनी अर्धमेला टाकलेल्या माणसाला याजक आणि मंदिराचा सेवक लेवी टाळून गेले, पण यहूद्यांच्या वैरी समाजातला शमरोनी त्याच्यासाठी थांबला, ती गोष्ट) आणि मला उपासनेत बसवेना. माझी अडचण अशी आहे की माझ्या मनात त्या माणसाविषयी प्रेम नाही, आणि खरे सांगायचे तर त्याच्या आजाराची बातमी ऐकल्यावर प्रथम जे वाटले त्याची मला लाज वाटते. अशा मनाने मदतीला जाणे हा ढोंगीपणा होईल का? आणि प्रीती करायची म्हणजे तक्रार मागे घ्यायची, असा अर्थ होतो का? कृपया केवळ धीर देऊ नका. वचन काय सांगते ते सांगा.

जुन्या कराराचा वाचक:

केतकीताई, सलाम. ज्या वचनाने आपल्याला अस्वस्थ केले ते येशूने प्रथम उच्चारलेले नाही. ते जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील अठरावे वचन आहे, आणि त्याच्या आगेमागे काय आहे हे पाहिल्याखेरीज ते समजत नाही, असे माझे ठाम मत आहे. आपण ते एकटे पाठ करतो, भिंतीवर एकटे लावतो, आणि मग त्यातील ‘प्रीती’ ही हवेत तरंगणारी भावना होऊन बसते. त्या अध्यायात शेताचा कडेचा भाग गरिबांसाठी आणि परक्यांसाठी न कापता ठेवायला सांगितले आहे, मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवायला मनाई केली आहे, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नये आणि आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये असे सांगितले आहे, आणि अखेरीस खरा तराजू व खरी मापे वापरण्याची आज्ञा आहे. म्हणजे प्रीतीची आज्ञा जिथे प्रथम येते तिथे ती मजुरी, माप, पीक आणि वाट यांच्या मधोमध उभी आहे. या सगळ्या गोष्टी डोळ्यांनी तपासता येतात.

मात्र आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच्या लगतच्या सतराव्या वचनात आहे. आपल्या भावाचा मनात द्वेष करू नको, तर शेजाऱ्याला उघडपणे दोष दाखव, नाहीतर त्याच्यामुळे तुला पाप लागेल, असा त्याचा आशय आहे. त्यानंतर सूड उगवू नको, मनात दावा धरू नको, आणि मग प्रीती कर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दोष दाखवणे आणि प्रीती करणे ही इथे एकाच श्वासात आली आहेत आणि त्या दोघांच्या विरुद्ध उभा आहे तो मनात साठवलेला द्वेष. आपल्याकडे पुष्कळदा उलटे घडते. आपण तोंडावर गोड बोलतो, तक्रार गिळतो आणि आतून वर्षानुवर्षे कुढतो, आणि या गिळण्यालाच क्षमा म्हणतो.

हिब्रू भाषेबद्दलही थोडे सांगतो. ‘प्रीती करणे’ या क्रियापदाच्या कर्माला तिथे साधारणपणे जे अव्यय लागते त्याऐवजी या वचनात ‘ला, साठी’ अशा अर्थाचे अव्यय आले आहे, आणि परक्या माणसावर प्रीती करण्याची जी आज्ञा चौतिसाव्या वचनात आहे तिथेही तेच आहे. त्यावरून काही अभ्यासक असा अर्थ काढतात की इथे मनातील आवडीपेक्षा त्या माणसासाठी हिताची कृती करणे अभिप्रेत आहे. चौतिसाव्या वचनाचा उल्लेख आलाच आहे तर आठवण करून देतो की मूळ भाषांतून संपूर्ण बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन तेथील उपाशी मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावला त्यांना घर दिले. त्यांच्या गावच्या नव्हेत, प्रांताच्याही नव्हेत, अशा त्या होत्या. परक्यावर प्रीती करण्याचे ते वचन रमाबाईंनी आधी जगून पाहिले आणि मग त्याला मराठी शब्द दिले.

तेव्हा नोटीस जाऊ द्यावी की नाही हा प्रश्न मी असा विचारीन: ती नळासाठी आहे की सभेतील अपमानासाठी? नळासाठी असेल तर ती आज्ञेच्या आत आहे. अपमानासाठी असेल तर नोटिशीची भाषा कितीही सभ्य असली तरी तो सूड आहे, आणि सुडाला त्याच अठराव्या वचनात मनाई आहे.

वसईकर:

केतकीताई, मी कॅथलिक आहे आणि आमच्या धर्मग्रामात काही वर्षे ख्रिस्ती शिक्षणाचे वर्ग घेतले आहेत. वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र लूककडे परत जाणे आवश्यक वाटते, कारण शास्त्र्याने, म्हणजे नियमशास्त्राच्या जाणकाराने, येशूला ‘माझा शेजारी कोण?’ असा जो प्रश्न विचारला तो नेमका लेवीयच्या याच वचनातून निघालेला आहे. त्या वचनात ‘आपल्या लोकांच्या’ मुलांविषयी दावा धरू नको असे म्हटले आहे. मग ‘आपले’ कुठपर्यंत? शास्त्र्याला सीमारेषा हवी आहे, आणि लूक स्पष्ट सांगतो की स्वतःला न्यायी ठरवण्यासाठी हवी आहे.

येशू सीमारेषा देत नाही. तो यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या रस्त्याची गोष्ट सांगतो. सुमारे पंचवीस किलोमीटरमध्ये हजार मीटर खाली उतरणारा तो ओसाड रस्ता आहे. गोष्टीच्या शेवटी येशूने विचारलेला प्रश्न वेगळाच आहे: लुटारूंच्या हाती सापडलेल्याचा शेजारी या तिघांपैकी कोण झाला? शास्त्र्याने मदत कोणाला करावी हे विचारले होते, आणि उत्तर देताना त्याला रस्त्यात पडलेल्या माणसाच्या बाजूने, खालून वर पाहावे लागले. शमरोनी हा शब्दही त्याच्या तोंडून निघाला नाही. ‘ज्याने दया केली तो’ एवढेच तो म्हणाला. ते वैर किती खोल होते याची कल्पना यावी म्हणून सांगतो की गरिज्जीम डोंगरावरील शमरोन्यांचे मंदिर यहूदी राज्यकर्त्याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात उद्ध्वस्त केले होते. लूकच्या आदल्याच अध्यायात एका शमरोनी गावाने येशूला उतरू दिले नाही, तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान त्या गावावर आकाशातून अग्नी पाडण्याची परवानगी मागत होते आणि येशूने त्यांना धमकावले. त्या अपमानाची आठवण ताजी असताना हा दाखला सांगितला गेला आहे. आपल्या घरचा अपमानही ताजा आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता भावनेविषयी. शमरोन्याला कळवळा आला असे आपण वाचतो. ग्रीक भाषेतील ते क्रियापद आतड्यांना असलेल्या शब्दावरून आले आहे, म्हणजे मराठीत ज्याला आपण आतडे तुटणे म्हणतो तेच. तेव्हा भावना क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. पण याजकाला आणि लेव्याला काय वाटले हे येशू सांगतच नाही. कदाचित त्यांचेही आतडे तुटले असेल, घरी पोहोचल्यावर त्यांना जेवण गेले नसेल. गोष्टीत त्याची नोंद नाही, कारण ते दुसऱ्या बाजूने निघून गेले होते. शास्त्र्याच्या उत्तरातही मूळ शब्द दया ‘वाटणे’ असे नाहीत, दया ‘करणे’ असे आहेत, आणि येशूचे शेवटचे वाक्य ‘जा आणि तूही तसेच कर’ असे आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी अ‍ॅरिस्टॉटलच्या आधाराने प्रीतीची व्याख्या दुसऱ्याचे भले इच्छिणे अशी केली, तीही याच्याशी जुळते. इच्छा ही आपल्या हातात असते. ऊब आपल्या हातात नसते. प्रेम वाटत नसताना वर जाऊन औषधे आणून देणे हा ढोंगीपणा नव्हे. ढोंगीपणा तेव्हा होईल जेव्हा आपण प्रेम वाटत असल्याचा देखावा कराल.

एक छोटी पुस्ती जोडतो. याजकाने प्रेताच्या विटाळाच्या भीतीने वाट सोडली, असे आपल्या प्रवचनांतून नेहमी सांगितले जाते. लूकने तसे लिहिलेले नाही, याजक यरुशलेमकडून खाली चालला होता, आणि बेवारस प्रेताला मूठमाती देण्याचे कर्तव्य यहुदी परंपरेत महायाजकालाही चुकत नाही. हा दाखला यहुदी धर्माला नावे ठेवण्यासाठी वापरला जातो तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

रात्रपाळी:

मी एका मिशन इस्पितळात परिचारिका म्हणून तेवीस वर्षे काम केले आहे, त्यामुळे माझे लक्ष दाखल्यातील दुसऱ्याच गोष्टींवर जाते. शमरोन्याने तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवले, उतारशाळेत आणले, रात्रभर काळजी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या मालकाला देऊन तो पुढे निघाला. परत येईन आणि जास्त खर्च झाल्यास देईन, असे सांगून निघाला. त्याने आपला प्रवास सोडला नाही. हे वाक्य मी नव्या मुलींना नेहमी वाचून दाखवत असे, कारण सेवेला आलेल्या चांगल्या मुली सर्व काही एकटीने करायला जातात आणि दोन वर्षांत मोडून पडतात. ‘स्वतःसारखी’ या शब्दाला माझ्या दृष्टीने इथे अर्थ येतो. आपल्याला भूक, झोप आणि मर्यादा आहेत तशा दुसऱ्यालाही आहेत, आणि दुसऱ्याला आहेत तशा आपल्यालाही आहेत.

अपघातात सापडलेल्यांना घेऊन येणारी माणसे पूर्वी दारातच रुग्णाला ठेवून पळून जात, कारण पोलिसांचा आणि साक्षीचा ससेमिरा मागे लागेल ही भीती असे. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा माणसांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिले आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. त्या कलमात अशा मदतनिसाला ‘गुड समॅरिटन’ असेच म्हटले आहे. लूकच्या दाखल्यातला माणूस भारताच्या कायद्यात नावानिशी येऊन बसला, याचा मला आनंद वाटतो. पण कायदा फक्त भीती काढतो. गाडी थांबवायची की नाही हे चालवणाऱ्यावरच राहते.

ताई, अर्धांगवायूच्या रुग्णाच्या घरी सर्वांत मोठी गरज कशाची असते ते सांगते. रुग्णाला कुशीवर वळवण्यासाठी दुसऱ्या दोन हातांची, आणि त्या बाईंना दिवसातून दोन तास झोपण्याची. डबा पोहोचवणे सोपे आहे आणि बहुतेक सर्वजण डबाच पोहोचवतात. आपण वेळ विचारा.

पायवाट:

तीनही उत्तरे वाचली आणि एक शंका मांडावीशी वाटते. सोमवारी मदतीला जायचे आणि शनिवारी त्याच दारावर नोटीस चिकटायची, हे त्या बाईंना कसे दिसेल? मदत हा सौदा वाटेल, किंवा त्याहून वाईट, दबाव वाटेल. मत्तयच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात अपराध करणाऱ्या भावाकडे आधी एकट्याने जावे, मग एकदोघांना घेऊन जावे आणि त्यानंतर मंडळीला सांगावे, असा क्रम दिला आहे. केतकीताई, आपण चार वर्षांत त्यांच्याशी एकट्याने, शांतपणे, समोर बसून बोलला आहात का? लेखी तक्रार ही दोष दाखवण्याची पहिली पायरी नव्हे, असे मला वाटते. नोटीस रद्द करू नका, पण पुढे ढकलता येत असेल तर ढकला.

जुन्या कराराचा वाचक:

पायवाट यांचा मुद्दा मला मान्य आहे, आणि माझ्या उत्तरात तो सुटला होता. सतराव्या वचनातील दोष दाखवणे हे समोरासमोरचे आहे. कमिटीमार्फत पाठवलेला कागद म्हणजे ते नव्हे.

केतकी:

सर्वांची मी ऋणी आहे. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण आधी काही करावे आणि मग लिहावे असे ठरवले होते.

पायवाट यांच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. चार वर्षांत मी एकदाही एकटी वर गेले नव्हते. दर वेळी यजमान गेले, किंवा आम्ही दोघे गेलो, आणि दर वेळी आवाज चढलेला होता. मी कमिटीला पत्र देऊन नोटीस दोन महिने थांबवण्याची विनंती केली. तक्रार मागे घेतलेली नाही, आणि ते पत्रात स्पष्ट लिहिले आहे.

पहिल्या दिवशी बाईंनी दार उघडले नाही. दुसऱ्या दिवशी साखळी लावूनच बोलल्या आणि नळाचे बोलायला आला असाल तर आत्ता शक्य नाही म्हणाल्या. मी म्हणाले, नळाचे बोलायचे आहे, पण आज नाही, आज तुम्हाला झोपायला मिळते का एवढेच विचारायला आले. त्या काही न बोलता बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग साखळी काढली.

आता मी रोज दुपारी तीन ते पाच वर बसते. ते गृहस्थ माझ्याशी बोलू शकत नाहीत, त्यांची वाचा अजून आलेली नाही, पण डोळे सर्व काही ओळखतात, आणि पहिले काही दिवस ते मी खोलीत असताना भिंतीकडे तोंड करून पडत. प्रेम वाटते का, असे मला कोणी विचारले तर अजूनही हो म्हणता येणार नाही. परवा त्यांना कुशीवर वळवताना मात्र त्यांचा हात किती हलका झाला आहे हे जाणवले आणि माझ्या पोटात कालवले. खाली आल्यावर सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी उद्या नाचणीची पेज घेऊन जा म्हटले.

गळतीचा विषय मी पुढच्या आठवड्यात काढणार आहे. आमच्या स्वयंपाकघराची भिंत अजून ओलीच आहे.