तास नको, स्पिंडल बघा की

बेळगावच्या उद्यमबागेत जुनं व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) घेताना स्क्रीनवर 'सहाच हजार तास' दिसतात म्हणून भुलू नका. तो आकडा कंट्रोलवर बदलता येतो. रंग तर नवा असणारच!

स्पिंडल (हत्यार धरून फिरणारा दांडा) अर्धा तास चालवून गरम करा. मग टेपर (स्पिंडलचं निमुळतं भोक) पुसून टेस्ट मँड्रेल (तपासणीचा अचूक सरळ दांडा) बसवा, डायल स्पिंडलच्या नाकाशी आणि ३०० मिमी खाली लावून स्पिंडल हातानं फिरवा. खाली काट्याची हालचाल ०.०२ मिमीच्या बरंच वर गेली, तर मँड्रेल टेपरमध्ये १८० अंश फिरवून बसवा आणि परत बघा. उंच जागा स्पिंडलच्या त्याच बाजूला राहिली तर टेपर किंवा बेअरिंगवर संशय; मँड्रेलबरोबर फिरली तर मँड्रेलवर.

बॅकलॅश (दिशा बदलताना पडणारी ढिलाई) टेबलच्या मधोमध मोजा. टेबल सरकवणारा बॉलस्क्रू तिथंच जास्त झिजतो. मशीन उचलण्याआधी पॅरामीटर (कंट्रोलच्या सेटिंग) आणि लॅडरचा (मशीनच्या पीएलसी प्रोग्रॅमचा) बॅकअप हवाच. कंट्रोलच्या बॅटऱ्या मशीन चालू ठेवूनच बदला, नाहीतर मेमरी जाऊ शकते. आणि हेस्कॉम या वीज कंपनीकडचा तुमचा मंजूर भार मशीनला पुरतोय का, ते ॲडव्हान्स देण्याआधी बघा.